गोळ्या फुकट, खाडा कुणाच्या अंगावर?

कार्तिकात निर्मळची जत्रा भरते, सुकेळीची दुकानं लागतात. त्याच सुमारास जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबं बोचकी घेऊन वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर उतरू लागतात. त्यांच्याकडे बोट दाखवून एक मत हल्ली ठणकावून मांडलं जातं: टीबी हे लोक आणतात. सरकार तपासणी फुकट करतं, गोळ्या फुकट देतं, वर महिना हजार रुपये देतं, तरी हे औषध अर्धवट सोडतात. मग दोष गरिबीचा कसा? बेपर्वाईचाच. अशांना वस्तीपासून लांब ठेवा.

हे बोलणाऱ्याचं पोट भरलेलं असतं आणि त्याच्या घराला खिडक्या असतात.

‘आणतात’ म्हणे! २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला, त्यातले २६ टक्के भारतातले. एवढा रोग भट्टीमजुरांच्या बोचक्यात मावत नाही.

पण संताप येतो तो ‘फुकट’ या दाव्याचा. साध्या टीबीचे उपचार सहा महिन्यांचे, आणि भट्टीचा हंगामही दिवाळीनंतर पावसाच्या तोंडापर्यंत, जवळपास तेवढाच. गाव सोडण्याआधीच उचल घेतलेली असते. मजुरी हजार विटांमागे, तीही नवरा-बायकोच्या जोडीवर. एक आजारी पडला की दुसऱ्याचाही हात अडतो. राहायला वाकून आत शिरावं लागेल अशी झोपडी. खोकला आला तर तो धुळीचा, धुराचा, म्हणून अंगावर काढायचा. बेडका तपासायला गेलं की एक खाडा, रिपोर्ट आणायला दुसरा, पोराबाळांना तपासायला तिसरा. गोळ्या सुरू झाल्या की मळमळतं, लघवी केशरी होते. तो रंग रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एवढं कुणी समजावलं नाही तर माणूस गोळ्याच टाकून देतो. पुढे ताप जातो, खोकला थांबतो, अंगात थोडी ताकद येते. उचल मात्र फिटलेली नसते. मग दवाखान्याची वाट सुटते. पावसाआधी कुटुंब पाड्यावर परततं. टीबीरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी निक्षय पोर्टलवर रुग्णाचं नाव दुसऱ्या तालुक्यात हलवता येतं, पण नाव हललं म्हणून गोळ्यांचं पाकीट पाड्यावर पोचत नाही. आणि ते हजार रुपये? २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. दिवसाला तेहतीस रुपये. एवढ्या खाड्यांची भरपाई त्यातून होत नाही, आणि तरीही बेपर्वा कोण, तर मजूर!

‘लांब ठेवा’ हा वाद तर मद्रासमध्ये कधीच निकालात निघाला आहे. तिथे १९५६ पासून काही गरीब रुग्णांवर सॅनेटोरियममध्ये आणि काहींवर त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच उपचार झाले. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना रोगाचा जास्त उपद्रव झाला नाही. मात्र त्या रुग्णांचा पाठपुरावा होत होता, न आलेल्याच्या घरी माणूस जात होता. इतकी वर्षं उलटली तरी ‘लांब ठेवा’ हाच मुद्दा पुन्हा पुढे केला जातो.

मग करायचं काय? झारखंडमध्ये एका अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घरच्यांमधले नवे टीबीरुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. पालघर जिल्ह्याला कुपोषण नवं नाही. जव्हारकडच्या वावर-वांगणीची बालकं १९९२-९३ मध्ये त्यानेच गेली. तेव्हा धान्य भट्टीवर पोचवावं, थुंकीचे नमुने तिथेच घ्यावेत, तपासणीच्या दिवसाची मजुरी भट्टीमालकाने कापू नये. आणि हंगाम संपण्याआधी उरलेल्या सगळ्या गोळ्या रुग्णाच्या हातात द्याव्यात, तो निघाल्याचा निरोप त्याच्या पाड्यावरच्या आशाताईंना त्याच दिवशी जावा.