गाठ एकीकडं, सुरी दुसरीकडं

बाईच्या पोटाबद्दल आपल्यात कुणी बोलत नाही. पाणवठ्यावर बोलतो, गायरानावर बोलतो, राखीव जागांवर तर रात्र रात्र बोलतो. पाळीचं नाव काढलं की दोस्त विडी ओढायला बाहेर. तर दोस्तांनो, आज बसा खाली. ऐका.

माझं वय चौतीस. दोन लेकरं. पाळी महिन्याच्या महिन्याला यायची, ती तीन-तीन महिने येईना. हनुवटीवर राठ केस. वजन वाढलं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं, सोनोग्राफी केली. म्हणाल्या, पीसीओएस. हा काही नुसता कॉलेजच्या पोरींचा आजार नाही. मूळ जुनं असतं. वजन वाढलं की पुष्कळदा तिशीनंतर उघडं पडतं. गोळ्या दिल्या. चाला म्हणाल्या, झोप घ्या म्हणाल्या.

माझी चुलत बहीण बीड जिल्ह्यातली. दर साली नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जाते. तिच्याही कागदावर 'गाठी' लिहिलेलं. तिला एका खासगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल. तिसाव्या वर्षी काढली. मुकादमाची उचल अजून फिटतेय.

शब्द एकच. मला गोळी, तिला सुरी.

आता शास्त्र ऐका, कारण शास्त्र ही कुणाच्या बापाची इस्टेट नाही. पीसीओएसमधल्या 'गाठी' म्हणजे ट्यूमर नव्हे. ती अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांची बारीक पुटकुळी. ती अंडाशयात असतात, पिशवीत नाही. बिघाड हार्मोनचा आणि इन्सुलिनचा. पिशवी कापली की पाळी थांबते, आजार थांबत नाही. मधुमेहाचा धोका तसाच राहतो. सोबत अंडाशयही काढली तर तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात. महिनोन् महिने पाळी आली नाही तर पिशवीचं अस्तर जाड होऊन पुढं धोका असतो, हे खरं. पण त्यावर गोळ्या आहेत. कधी कधी पिशवी काढावीच लागते, हेही खरं. पण ती कधी?

आकडे बघा. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत खासगी दवाखान्यांतून 4,605 बायकांच्या पिशव्या काढल्या, असं 2019 साली सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. एवढ्या सगळ्यांना कॅन्सर होणार होता का?

खरा रोग फडात आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस मोडला की खाडा. मजुरी बुडते आणि वर दंड. कोपीला ना संडास, ना न्हाणी. पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे. मग बाईच म्हणते, कटकट नको, काढून टाका. ही तिची मर्जी म्हणायची? साखर गोड लागावी म्हणून बाईनं अवयव मोजायचा, आणि त्याला आपण नशीब म्हणायचं?

माझ्या आजाराला औषध काय? वेळेवर जेवण, झोप, चालणं, तपासणी. म्हणजे फुरसत. पहाटेच्या अंधारात उसाची मोळी उचलणाऱ्या बाईला ही फुरसत कोण देणार? 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेची बाजू लावून धरली. बाईच्या शरीराचा भार मालकानं आणि सरकारनं उचलावा, ही मागणी आपल्याला नवी नाही. आपण ती विसरलोय.

म्हणून शहरात शिकणाऱ्या पोरापोरींनो, गावाकडं जाल तेव्हा आई, चुलती, वहिनी यांचे कागद मागा. वाचा. डॉक्टरला विचारा, गाठ कुठं आहे? केवढी आहे? औषध दिलं का? दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का? लाजू नका, तो लाजेल. आणि कारखान्याला विचारा, पाळीच्या दिवसाचा खाडा कुठल्या कायद्यात बसतो?

पिशवी काढायची असेल तर मुकादमाची उचल आणि खाड्याचा दंड आधी काढा.