चिप देशी, जर्नल मात्र ८०८५चं!

सबमिशनचा आठवडा. मायक्रोप्रोसेसरचं प्रॅक्टिकल. ‘दोन आकड्यांची बेरीज’ हा प्रोग्रॅम सीनियरच्या जर्नलमधून उतरवायचा, किटवर हेक्स कोड टाकायचा, उत्तर दिसलं की सरांची सही घ्यायची. व्हायवाला ‘अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे काय?’ एवढं सांगता आलं की सुटलो! कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

त्या किटवरचा इंटेलचा ८०८५ आला १९७६ मध्ये. म्हणजे साधारण तुमच्या आईबाबांच्या वयाचा.

आता बातम्या बघा. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. एप्रिल २०२२ मध्ये ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह’ कार्यक्रम जाहीर झाला. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे देशी प्रोसेसर रिस्क-फाइव्हवरच बेतलेले आहेत. रिस्क-फाइव्ह म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा संच. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात २०१० मध्ये त्यावर काम सुरू झालं. हा संच खुला आहे, तो वापरायला परवाना फी लागत नाही. त्याच्या ३२ बिटी पायाभूत संचात आज्ञा जेमतेम ४०. एका सेमिस्टरमध्ये आरामात होतील एवढ्याच.

मग ८०८५ टाकाऊ का? अजिबात नाही. छोटा आहे, कागदावर एकेक पायरी तपासता येते, रजिस्टर आणि मेमरीची ओळख चांगली होते. पण आजचा प्रोसेसर ज्यामुळे वेगवान झाला त्या दोन गोष्टी, पाइपलाइन आणि कॅश, त्यात नाहीतच. त्या आपण थिअरीच्या पेपरला आकृती काढून पाठ करतो.

नेमकी इथे सिम्युलेटरची गरज आहे. ‘व्हीनस’ ब्राउझरमध्ये चालतं, ‘रार्स’ला फक्त जावा लागतं, आणि ‘राइप्स’ तर प्रोसेसरचं पोटच उघडून दाखवतं. तिन्ही फुकट आणि ओपन सोर्स.

राइप्समध्ये एक प्रयोग करा. पाच टप्प्यांची पाइपलाइन निवडा. पहिली आज्ञा: मेमरीतून आकडा आणा. दुसरी: त्यात पाच मिळवा. क्लॉक एकेक पाऊल पुढे न्या. आकडा अजून पोहोचलेला नसतो, म्हणून दुसरी आज्ञा एक सायकल अडून राहते. आता दोघींच्या मध्ये, पुढे कुठेतरी असलेली, त्या आकड्याशी संबंध नसलेली एखादी आज्ञा आणून ठेवा. अडणं गायब! उत्तर तेच, वेळ एक सायकल कमी. ‘डेटा हॅझार्ड’ची व्याख्या दहा वेळा लिहून जे डोक्यात शिरत नाही ते दहा मिनिटांत दिसतं.

‘पण आता असेम्ब्ली लिहितो कोण? एआय लिहून देईल की!’ हा प्रश्न रास्त आहे. लिहिणारे थोडेच असतात. पण वाचता येणं वेगळं. ‘कंपायलर एक्सप्लोरर’वर एका बाजूला तुमचा सी प्रोग्रॅम, दुसऱ्या बाजूला त्याची असेम्ब्ली दिसते. ऑप्टिमायझेशन चालू केलं की अख्खं लूपही कधी कधी नाहीसं होतं. ते का झालं हे कळलं, तर एआयने दिलेला कोड चांगला की नुसता लांबलचक, हे ठरवता येईल. चिप डिझाइन, ड्रायव्हर, सिक्युरिटी या क्षेत्रांत ही नजर लागतेच.

सिम्युलेटरलाही मर्यादा आहेत. त्यात वायर सैल होत नाही, चिप तापत नाही. फोनमधला प्रोसेसर या पाच टप्प्यांपेक्षा फारच गुंतागुंतीचा असतो. त्यामुळे किट अडगळीत टाकू नका. किटवर हात बसवा, सिम्युलेटरवर डोकं चालवा.

अभ्यासक्रम बदलायला वर्षं लागतात. बोर्ड ऑफ स्टडीजची बैठक काही आपल्या हातात नाही. पण दहा प्रॅक्टिकलपैकी एक रिस्क-फाइव्हवर घेऊ का, असं सरांना विचारणं हातात आहे. सरकार हजारो कोटी कारखान्यांवर खर्च करणार असेल, तर तिथे डिझाइन करणारी पोरं लॅबमधूनच यायला हवीत. आणि उतरवलेल्या जर्नलमधून ती येणार नाहीत.