मज्जेचें दान

हाडांच्या पोकळींतील मज्जेंत ज्या मूलपेशी असतात, त्या आपणांसारख्या नव्या पेशी उत्पन्न करितात, व त्यांपासूनच सर्व रक्त सिद्ध होतें. टोरांटो येथील टिल व मॅकलक यांनीं उंदरांवर प्रयोग करून १९६१ सालीं याचा पुरावा दिला. रक्ताच्या कर्करोगानें ग्रासलेल्या कित्येकांस दुसऱ्याच्या मज्जेनें जीवदान मिळालें आहे. परंतु सख्ख्या भावंडाशीं पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एकच. म्हणून परक्याचीच वाट पाहावी लागते.

मज्जा दिल्यानें मनुष्य पंगु होतो, असें पालक आम्हांस सांगतात. हें भय निराधार होय. दिलेली मज्जा कांहीं आठवड्यांत भरून येते, आणि हल्लीं बहुधा दंडांतील रक्तांतूनच या पेशी वेगळ्या करून घेतात. उलटपक्षीं, स्वमग्न मुलांच्या आईबापांस ‘मूलपेशींचा उपचार’ भारी किंमतीस विकणारे दवाखाने पाहून आम्हांस संताप येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलींत रक्तासंबंधींच्या व तत्सम ठराविक विकारांखेरीज अशा उपचारांस, प्रयोगाबाहेर, मान्यता नाहीं. तेथें पैसे मोजणारेच पालक अठरा वर्षांच्या मुलास दात्यांच्या यादींत नांव घालूं देत नाहींत. वास्तविक नोंदणीस गालाच्या आंतून फिरविलेला कापसाचा बोळा पुरतो.