विश्लेषण : पहिली रायफल घेताना काय पाहावे? परवाना, प्रकार, माप, खर्च… आणि शिकारीबद्दल कायदा काय सांगतो?

पॅरिस ऑलिम्पिकमधील पदकानंतर राज्यात नेमबाजीची ओढ वाढली. शाळकरी मुले रायफल मागू लागली आणि पालक मोबाइलवर किमती शोधू लागले. मात्र ऑनलाइन दिसणाऱ्या अनेक ‘पॉवरफुल’ एअरगन स्पर्धेच्या कामाच्या नसतात. काहींना तर परवाना लागतो. पहिली रायफल निवडण्याआधी समजून घ्यायच्या या गोष्टी.

नेमबाजीकडे ओढा का?

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील हेलसिंकीच्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले. नेमबाजीची परंपरा मात्र राज्याला जुनीच आहे. अंजली भागवत २००० मध्ये सिडनी ऑलिम्पिकची अंतिम फेरी खेळल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या ठरल्या. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचे जागतिक विजेतेपद मिळवले. यशाच्या अशा बातम्या आल्या की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘रायफल कोणती घ्यायची?’

सुरुवात कुठल्या रायफलने?

स्वप्नील ज्या रायफलने खेळतो ती .२२ रिमफायर, म्हणजे ५.६ मिलिमीटरची. तिच्यात दारूची गोळी असते, त्यामुळे ते अग्निशस्त्र आहे. नवशिक्यासाठी ती नाही. सुरुवात होते ती १० मीटर एअर रायफलने. तिच्यात हवेच्या दाबाने ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे .१७७ चा शिशाचा छर्रा सुटतो. कारण केवळ सुरक्षिततेचे नाही. उभे राहणे, श्वास, चाप ओढण्याची लय हे सारे इथेच पक्के होते.

हा खेळ किती बारीक आहे, ते लक्ष्याच्या मापावरून कळते. १० मीटरवरील कागदी लक्ष्याच्या सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ४५.५ मिलिमीटर, तर मधल्या १० गुणांच्या ठिपक्याचा अवघा अर्धा मिलिमीटर. म्हणजे ठिपका छऱ्याच्या नवव्या हिश्श्याएवढा. खांद्यापासून साधारण मीटरभर पुढे असलेले नळीचे टोक पाव मिलिमीटर सरकले, तरी लक्ष्यावर छर्रा सुमारे अडीच मिलिमीटरने हुकतो आणि एक अख्खे वर्तुळ जाते. अशा खेळात रायफलची ‘ताकद’ हा मुद्दाच उरत नाही. प्रत्येक छर्रा आधीच्यासारखाच सुटतो की नाही, एवढेच पाहायचे असते.

परवाना लागतो का?

शस्त्र नियम, २०१६ नुसार छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल किंवा बोअर ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर एअरगनलाही परवाना लागतो. स्पर्धेची एअर रायफल या मर्यादेच्या बरीच आत बसते. तिचा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. गणित केले तर ऊर्जा आठ ज्यूलच्या आतबाहेर येते.

जाहिरातींत मिरवली जाणारी ५.५ मिलिमीटरची, म्हणजे .२२ एअरगन मात्र थेट परवान्याच्या कक्षेत जाते. ‘ऑनलाइन मिळते म्हणजे चालते’ हा समज त्यामुळे महागात पडू शकतो. बोअर आणि ऊर्जा यांचा लेखी तपशील, तसेच पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बिल कायम जपून ठेवावे, प्रवासात त्याची प्रत जवळ असावी.

.२२ रिमफायर रायफलसाठी शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवाना बंधनकारक आहे आणि त्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. त्याहून लहान खेळाडूंना प्रशिक्षणापुरती मुभा आहे, तीही नियमांत घालून दिलेल्या अटींवर.

याच रायफलने शिकार चालेल का?

नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. पूर्वी काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. परदेशी व्हिडीओंत ‘टार्गेट आणि हंटिंग दोन्हींसाठी उत्तम’ असे सांगितले जाते, ते त्या देशांतील कायद्यांना धरून. आपल्याकडे खरेदी करताना त्यातला दुसरा अर्धा भाग सोडून द्यायचा.

कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. जिवे मारणे तर आलेच. जखमी करणे, पकडणे, सापळा लावणे आणि या सगळ्यांचा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. ससा, होला किंवा राज्यपक्षी असलेला हरियाल यांच्यावर गंमत म्हणून झाडलेला छर्रा नेम चुकला तरी गुन्हा ठरू शकतो. सर्वसाधारण गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. वापरलेले हत्यारही जप्त होते.

रानडुक्कर, रोही यांच्यामुळे पिकाचे नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्यांचा प्रश्न खरा आहे. पण त्यासाठी कलम ११ खालची लेखी परवानगी सक्षम अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. एअरगन विकत घेणे हा त्यावरचा उपाय नाही. शिवाय कमी ताकदीच्या छऱ्याने प्राणी मरत नाही, जखमी होऊन तडफडत राहतो.

स्प्रिंगची की पीसीपी?

स्प्रिंगच्या रायफलमध्ये प्रत्येक वेळी नळी मोडून किंवा कडेची दांडी ओढून स्प्रिंग दाबावी लागते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्या हवा दाबतो आणि छर्रा सुटतो. अडचण अशी, की छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच दट्ट्याचा धक्का रायफलला बसलेला असतो. हाताची पकड जरा बदलली की छर्रा वेगळीकडे जातो. फायदा म्हणजे किंमत कमी. भारतीय बनावटीची अशी रायफल काही हजारांत येते, तिला हवा भरावी लागत नाही आणि देखभालही सोपी असते.

पीसीपी रायफलमध्ये नळीखालच्या सिलिंडरमध्ये हवा आधीच भरलेली असते. दाब साधारण २०० बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या सुमारे ९० पट. रेग्युलेटर त्यातून प्रत्येक वेळी सारखीच हवा सोडतो. धक्का जवळजवळ नसतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अशाच रायफली दिसतात. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर, अन्शुट्झ ही त्यातली परिचित नावे. मात्र या आयात रायफलींची किंमत लाखांत जाते आणि हवा भरण्याची सोय जवळ असावी लागते.

एक फरक लक्षात ठेवावा. स्पर्धेच्या पीसीपी रायफलमध्ये छर्रा आणि हवा न वापरता नुसता चाप ओढण्याचा सराव करण्याची सोय असते. स्प्रिंगची रायफल मात्र रिकामी कधीही उडवू नये. दट्ट्याचे सील खराब होते.

ओपन साइट की पीप साइट?

ओपन साइटमध्ये मागची खाच आणि पुढचे टोक जुळवून नेम धरतात. पीप साइटमध्ये मागच्या बारीक छिद्रातून पाहून पुढच्या गोल कड्यात लक्ष्याचा काळा ठिपका मधोमध बसवतात. ऑलिम्पिक प्रकारात पीप साइटच असते. देशांतर्गत स्पर्धांत ओपन साइटचा स्वतंत्र गटही असतो. त्यामुळे कमी पैशांत सुरुवात करणाऱ्या मुलांना स्पर्धेचा अनुभव घेता येतो. कोणत्या गटात उतरायचे हे आधी ठरवावे आणि रायफल त्यानुसार घ्यावी. उलटे केले की खर्च दोनदा होतो. दुर्बीण लावलेली रायफल ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत चालत नाही, त्यामुळे ‘स्कोप फुकट’च्या जाहिरातीला भुलण्याचे कारण नाही.

मापाची रायफल म्हणजे काय?

बूट जसे मापाचे लागतात तशीच रायफलही. पहिली गोष्ट म्हणजे डोळा. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करावा आणि दोन्ही डोळ्यांनी त्यातून दूरची वस्तू पाहावी. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू त्रिकोणातच राहते, तो डोळा प्रबळ. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर कोणत्या खांद्याने नेम धरायचा हे खरेदीआधीच प्रशिक्षकाने ठरवायला हवे. कारण डावखुऱ्यांसाठी दस्ता वेगळा असतो.

दुसरी गोष्ट दस्त्याची. त्याची लांबी आणि गालाखालची पट्टी कमीजास्त करता यायला हवी. वाढत्या वयाच्या मुलांसाठी तर हे फारच महत्त्वाचे. तपासण्याची सोपी रीत आहे. डोळे मिटून पवित्रा घ्यायचा, गाल सहज टेकवायचा आणि डोळे उघडायचे. मान न वळवता, न ताणता डोळा थेट साइटमागे आला, तर दस्ता मापाचा.

तिसरी गोष्ट वजन. आंतरराष्ट्रीय नियमांत एअर रायफलची कमाल मर्यादा साडेपाच किलो आहे. पण ३५ किलो वजनाच्या मुलाने पाच किलोची रायफल धरली, तर तो स्वतःच्या वजनाचा सातवा हिस्सा पेलत असतो. स्पर्धेत ६० छर्रे ७५ मिनिटांत झाडायचे असतात आणि तेवढा वेळ कंबर व पाठीवर ताण येतो. लहान मुलांसाठी हलकी रायफल, व्यायाम आणि मध्ये मध्ये विश्रांती आवश्यक आहे.

जुनी रायफल घ्यावी का?

हरकत नाही. वरच्या पातळीवर खेळणारे रायफल बदलत असतात, त्यामुळे चांगल्या जुन्या रायफली मिळतात. मात्र सिलिंडरवरील मुदतीची तारीख सर्वांत आधी पाहावी. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि २०० बार दाबाखाली तो धोकादायकही ठरू शकतो. नवा सिलिंडर घ्यावा लागणार असेल, तर ती रक्कम किमतीतून वजा करूनच सौदा करावा. त्यानंतर रायफल टेकूवर ठेवून एकाच प्रकारचे दहा छर्रे प्रशिक्षकाकडून झाडून घ्यावेत. भोके एकावर एक पडली तर नळी ठीक. मूळ बिल आणि विक्रेत्याची लेखी पावती हवीच.

खर्च रायफलपुरताच का?

नाही, आणि इथेच अनेक घरांचे गणित चुकते. रोज १०० छर्रे झाडले, तर ५०० छऱ्यांचा डबा पाच दिवसांत संपतो. आठवड्यातून सहा दिवस सराव धरला, तर महिन्याला पाच डबे लागतात. लक्ष्यावर स्वच्छ गोल भोक पाडणारे चपट्या तोंडाचे छर्रेच घ्यावे लागतात. टोकदार छर्रे कागद फाडतात आणि गुण मोजता येत नाहीत. त्याशिवाय जाड जॅकेट, पँट, बूट, हातमोजा, रेंजचे शुल्क, स्पर्धांचे प्रवेश शुल्क आणि प्रवास. कर्ज काढून आयात रायफल घेतली आणि छऱ्यांना पैसे उरले नाहीत, तर ती रायफल कपाटातच राहते. साधी रायफल आणि वर्षभराचे छर्रे हा पहिल्या वर्षासाठी अधिक शहाणपणाचा खर्च आहे.

घरी ठेवताना काय काळजी घ्यावी?

एअर रायफल खेळणे नाही. जवळून लागलेला छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. रायफल रिकामी करून, नळीत रंगीत सेफ्टी दोरी घालून, कुलपात ठेवावी. छर्रे वेगळ्या कुलपात. नळीचे तोंड कधीही माणसाकडे नको आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. गच्चीत किंवा गल्लीत सराव करू नये. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात साबणाने धुवावेत आणि रेंजवर खाणे टाळावे.

मग रायफल घ्यायची कधी?

पहिले तीन-चार महिने तरी नाही. आधी जिल्हा रायफल असोसिएशनशी संलग्न क्लब किंवा प्रशिक्षण केंद्र गाठावे आणि तिथल्या रायफलवर शिकावे. मुलाची आवड टिकते का, कोणता डोळा, कोणता दस्ता, कोणता गट, हे तेवढ्या काळात कळते. स्वप्नीलही राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला. घरच्या रायफलपेक्षा शिकवणारा प्रशिक्षक आणि रोज उघडणारी रेंज यांचे मोल जास्त, हे त्याच्या वाटचालीतून दिसते.

खरी अडचण अशी केंद्रे शहरांपुरती असण्याची आहे. पुण्यात बालेवाडी आहे, मुंबईत वरळीची रेंज आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलाला मात्र आधी रायफल विकत घ्यावी लागते आणि मग शिकवणारा शोधावा लागतो. १० मीटर रेंजला मैदान लागत नाही, भक्कम भिंत असलेला एक बंदिस्त हॉल पुरतो. तालुका क्रीडा संकुलांत असे हॉल, चार-पाच सामाईक रायफली आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा प्रशिक्षक मिळाला, तर पालकांना लाखांचा जुगार खेळावा लागणार नाही. पदकानंतर सत्कार आणि बक्षिसे जाहीर होतातच. त्यातला थोडा पैसा या सामाईक रायफलींवर खर्च व्हायला हवा.