ताणकाटा आणि पूल

आमच्या प्रताप नगरात फिरणाऱ्या रद्दीवाल्याच्या ताणकाट्यात रॉबर्ट हूकचा नियम दडलेला आहे. १६७८ साली त्याने तो उलगडून सांगितला. वजन दुप्पट केले की स्प्रिंगच्या लांबीतली वाढही दुप्पट होते आणि वजन काढले की स्प्रिंग पूर्ववत होते. पण हे एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे ताणली तर ती कायमची लांबते आणि काटा खोटे बोलू लागतो.

मंडळी, शाळेतला धडा इथेच संपतो. माझ्या मते, महत्त्वाचे ते पुढेच आहे. ही मर्यादा जन्मभर तेवढीच राहत नाही. लोखंडी सळई गंजून तिचा छेद निम्मा उरला, तर तेच वजन तिच्यावर दुप्पट ताण आणते.

१५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. चार जण गेले. अशा पुलांवर नुसती 'धोकादायक' अशी पाटी पुरत नाही. दरवर्षी तपासणी करून, एका वेळी किती माणसे चालतील तो आकडाच लिहायला हवा आणि तो पाळायला लावणारा माणूसही तिथे हवा. लिफ्टमध्ये आकडा लिहितातच की! मग पुलावर का नको?