रिकाम्या खुर्च्यांचा धनी कोण?

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ साली फॉर्म्युला वन आली, तेव्हा ९५ हजारांच्या आसपास गर्दी झाली. पुढच्याच वर्षी आकडा ६५ हजारांवर घसरला आणि २०१३ नंतर शर्यतीचं बिऱ्हाडच उठलं. आपल्या लोकांना क्रिकेटपलीकडे काही रुचत नाही, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण प्रेक्षकांवर खापर फोडण्याआधी कारभार पाहा. पहिल्याच सरावात ट्रॅकवर भटकं कुत्रं शिरलं आणि लाल बावटा दाखवून गाड्या थांबवाव्या लागल्या. उत्तर प्रदेश सरकारने शर्यतीला खेळ न मानता करमणूक ठरवलं आणि कर लावला. संघांच्या सामानावरच्या सीमाशुल्काचा घोळ वेगळाच. तिन्ही वर्षं सेबास्टियन व्हेटेलच जिंकला, हा काही आयोजकांचा दोष नव्हे. पण नव्या नवलाईची गर्दी एकदाच जमते. दुसऱ्या वर्षी माणूस तिकीट काढतो तो परवडणारी जागा, सहज मिळणारी बस आणि वर्षभर पाहायला मिळणाऱ्या स्थानिक शर्यती यांच्या जोरावर. पाच किलोमीटरचा ट्रॅक पैसे ओतून बांधता येतो. शौकीन मात्र घडवावा लागतो, आणि त्याची तरतूद कुठल्याच अंदाजपत्रकात नसते.