सातवे कलम रद्द करा

यंदाच्या इतिहास परिषदेचे परिपत्रक आले आणि पाठोपाठ वाचकांची संतप्त पत्रेही. ख्रिस्ती इतिहासकारांच्या बैठकीला सकाळी साडेसात ते पावणेनऊ ही वेळ दिली आहे. ओळखपत्रांची खिडकी उघडणार नऊला, आणि ओळखपत्राशिवाय आवारात प्रवेश नाही, हेही त्याच कागदावर चार ओळी खाली छापले आहे. संयोजकांना फोन केला, तर म्हणाले, ‘तुमची बैठक संलग्न आहे, संलग्न समितीला विचारा.’ ही समिती अजून नेमायची आहे!

पण वेळेपेक्षा सातवे कलम घातक. संलग्न बैठकीत निबंध वाचणाऱ्याला मुख्य विभागात वाचता येणार नाही. म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या एखाद्या मंडळीच्या बाप्तिस्मा नोंदवहीवर कोणी दोन वर्षे घालवली, तर ते आपणच आपल्याला ऐकवायचे. १८७६-७८च्या दुष्काळानंतर महारवाड्यांतली कुटुंबे मिशनकडे कशी वळली, हे अशा वह्यांतून गावागणिक, घरागणिक लावता येते. दुष्काळ, जात, शाळा, मुंबईची वाट. हा आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास आहे, चर्चचा घरगुती हिशेब नव्हे.

तिढा जुनाच. अमेरिकेत फिलिप शाफ यांनी १८८८ साली काढलेली चर्च-इतिहास संस्था १८९६मध्ये तिथल्या मोठ्या इतिहास संघटनेत विलीन झाली आणि दहा वर्षांनी पुन्हा वेगळी निघाली. तरी पुढे तिची हिवाळी अधिवेशने त्याच संघटनेच्या सोबतीने भरत आली. वेगळी चूल आणि एक अंगण, दोन्ही जमते.

सगळा दोष संयोजकांचा नाही. आपले काही सभासद मंडळीच्या शताब्दी स्मरणिकेतला लेख नवे शीर्षक देऊन वाचतात आणि तळटीप देतात, ‘जुन्या कागदपत्रांवरून’. कुठले कागद? कुठल्या कपाटातले? असल्या निबंधाला मुख्य विभागाने दार का उघडावे?

तेव्हा कलम रद्द होईपर्यंत संलग्न बैठकीकडे एकही निबंध पाठवू नका. थेट ‘आधुनिक’ विभागाकडे पाठवा. वही, वर्ष, पान, नोंद क्रमांक, सगळे देऊन. नाकारला तर नकाराचे पत्र आम्हांला धाडा, जसेच्या तसे छापू. आणि वह्यांची छायाचित्रे घ्यायची राहिली असतील, तर पाळकसाहेबांना या रविवारीच उपासनेनंतर गाठा. डिसेंबर लागला की नाताळ उरकेपर्यंत त्या कपाटाची किल्ली कोणी देत नाही.